'हे चालणार नाही' इंग्रजीत नेमकं कसं सांगाल? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या महिन्यातल्या बहुतेक पत्रांचा रोख एकच आहे. एखादी योजना, यंत्र किंवा कल्पना चालणार नाही, हे इंग्रजीत कोणत्या शब्दाने सांगायचं? मराठीत 'अव्यवहार्य' या एका शब्दावर आपलं बरंच भागतं. इंग्रजीत भागत नाही, कारण का चालणार नाही यावर तिथे शब्द ठरतो. म्हणून खालच्या उत्तरांत आधी कारण पाहिलं आहे आणि मग शब्द निवडला आहे. इंग्रजी शब्द उच्चाराप्रमाणे दिले आहेत.

प्रश्न : आम्हाला पाणीयोजनांचे अहवाल इंग्रजीत पाठवावे लागतात. 'नॉट फीझिबल', 'नॉट व्हायबल', 'इम्प्रॅक्टिकल' आणि 'इम्प्रॅक्टिकेबल' हे शब्द आमच्याकडे सर्रास एकाच अर्थाने लिहिले जातात. यांत खरंच फरक आहे का? (कनिष्ठ अभियंता, सातारा जिल्हा)

उत्तर : आहे, आणि अहवालात तो पाळला नाही तर निर्णय चुकू शकतो. तुमच्याच क्षेत्रातलं उदाहरण घेऊ. गाव नदीपासून २०० मीटर उंचावर आहे. पंप आणि मोटर मिळून ६० टक्के कार्यक्षमता धरली आणि पाइपातलं घर्षण तूर्त बाजूला ठेवलं, तर १,००० लिटर पाणी वर चढवायला साधारण ०.९ युनिट वीज लागते. जल जीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटरचा आहे. हजार लोकवस्तीला ५५ हजार लिटर, म्हणजे रोजची सुमारे ५० युनिट. पाणीपट्टी नीट वसूल झाली तर हा खर्च गावाला झेपतो. आता त्याच उंचीवर ऊस भिजवायचा म्हणा. उसाला पूर्ण पीककाळात १,५०० ते २,५०० मिलिमीटर पाणी लागतं. २,००० धरले तर हेक्टरी दोन कोटी लिटर होतात आणि ते चढवायला सुमारे १८ हजार युनिट जळतात.

दोन्ही कामं 'टेक्निकली फीझिबल' आहेत. पंप मिळतो, पाइप मिळतो, पाणी चढतं. पण पिण्याच्या पाण्याची योजना 'व्हायबल' आहे आणि उसाची तशी असेलच असं नाही. उत्पन्नातून वीजबिल निघतं का, यावर ते ठरेल. फीझिबल हा शब्द 'करणे' या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आला आहे, आणि तो करता येईल का एवढंच विचारतो. व्हायबलच्या मुळाशी 'जीवन' या अर्थाचा फ्रेंच शब्द आहे. अर्भक जन्मल्यावर जगू शकेल का, यासाठी तो वापरला जाई आणि वैद्यकात आजही वापरला जातो. योजनेला लावला की त्याचा अर्थ होतो : उभी राहिल्यावर तगेल का?

पाइपाचा एकमेव मार्ग अशा वनजमिनीतून जात असेल की तिथे परवानगी मिळूच शकत नाही, तर योजना 'इम्प्रॅक्टिकेबल' आहे. कागदावर ती बरोबर असेल, पण अमलात आणता येत नाही. आणि पंपाऐवजी दहा हजार लिटरच्या टँकरने रोज सहा खेपा घाटातून करायच्या, असं कुणी सुचवलं तर ते 'इम्प्रॅक्टिकल'. ते करता येतं, उन्हाळ्यात केलंही जातं, पण कायमची व्यवस्था म्हणून शहाणपणाचं नाही. 'इम्प्रॅक्टिकल' माणसालाही लागतो. व्यवहार न कळणारा माणूस 'इम्प्रॅक्टिकल' असतो. 'इम्प्रॅक्टिकेबल' मात्र योजना, मार्ग, उपाय यांच्यासाठीच ठेवा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पैशाअभावी अडलेल्या योजनेला 'नॉट फीझिबल' लिहिणं. वाचणाऱ्याला वाटतं की अभियांत्रिकीच्या दृष्टीनेच काम होणार नाही, आणि फाइल बंद होते. 'टेक्निकली फीझिबल, बट नॉट फायनान्शियली व्हायबल विदाउट सपोर्ट' असं लिहिलं तर अर्थसाहाय्याचा विचार तरी होतो. केंद्र सरकारची 'व्हायबिलिटी गॅप फंडिंग' योजना याच फरकावर उभी आहे. समाजाला उपयोगी, पण केवळ स्वतःच्या उत्पन्नावर न तगणाऱ्या खासगी भागीदारीतल्या पायाभूत प्रकल्पांना ती मदत देते. मुंबईत वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो मार्गाला असा निधी मिळाला होता. मराठी मसुद्यात दोन्हींना नुसतं 'व्यवहार्यता' लिहू नका; 'तांत्रिक व्यवहार्यता' आणि 'आर्थिक व्यवहार्यता' अशी फोड करा, म्हणजे इंग्रजी करणाऱ्याला अंदाज बांधावा लागणार नाही.

प्रश्न : 'अनफीझिबल' बरोबर की 'इनफीझिबल'? प्रकल्प-अहवालात मार्गदर्शकांनी एकावर काट मारली. (अभियांत्रिकी विद्यार्थिनी, नागपूर)

उत्तर : कोशांत दोन्ही आहेत. पण गणित, संगणक आणि ऑपरेशन्स रिसर्च यांत 'इनफीझिबल' हा ठरलेला पारिभाषिक शब्द आहे आणि तिथे तोच हवा. सर्वसाधारण लेखनात 'अनफीझिबल' चालतो. तिथेही बहुतेक लोक सरळ 'नॉट फीझिबल' लिहितात आणि ते वाचायला सोपं जातं.

पारिभाषिक अर्थ मात्र पक्का समजून घ्या. लिनिअर प्रोग्रॅमिंगमध्ये, म्हणजे ठरलेल्या अटींत सर्वांत चांगलं उत्तर शोधण्याच्या गणितात, सगळ्या अटी एकाच वेळी पाळणारं एकही उत्तर नसेल तर प्रश्न 'इनफीझिबल' ठरतो. शेत पाच एकर, ऊस किमान तीन एकर, कापूस किमान तीन एकर, अशा अटी घातल्या की एक्सेलमधला सॉल्व्हर 'फीझिबल सोल्युशन' सापडलं नाही असं कळवतो. यात नफ्याचा संबंध येत नाही, अटीच एकमेकींशी भांडतात. अशा वेळी एकेक अट काढून पाहा; जी काढल्यावर उत्तर येतं ती भांडणातली एक बाजू. याउलट उत्तर आलं, पण त्यात अडीच बसगाड्या निघाल्या, तर उत्तर गणिताने 'फीझिबल' आणि वापरायला 'इम्प्रॅक्टिकल' आहे. तिथे पूर्णांकाची अट घालायची राहून गेलेली असते.

याच कुळातला आणखी एक शब्द 'इनट्रॅक्टेबल'. वीस शहरांतून फिरून परत येण्याचा सगळ्यात जवळचा रस्ता एकेक क्रम तपासून काढायचा म्हटलं तर सुमारे ६ वर १६ शून्यं इतके क्रम होतात. सेकंदाला दहा लाख क्रम तपासले तरी १,९०० वर्षं लागतील. पद्धत अचूक आहे, उत्तर हमखास देणारी आहे, फक्त वेळ पुरत नाही. असे प्रश्न 'इनट्रॅक्टेबल', आणि अशी सरधोपट पद्धत 'इम्प्रॅक्टिकल'. वीस शहरांसाठी याहून हुशार पद्धती आहेत, त्यामुळे 'इम्पॉसिबल' लिहिणं चुकीचं ठरेल.

प्रश्न : करारातली अट पाळणं अशक्य झालं, यासाठी 'इम्पॉसिबल', 'इम्प्रॅक्टिकेबल' आणि 'फ्रस्ट्रेटेड' असे तीन शब्द दिसतात. शिवाय आदेशांत 'इनफ्रक्चुअस' येतो. गोंधळ होतो. (विधी शाखेचा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम ५६ मूळ इंग्रजीतून वाचा, विशेषतः त्याखालची उदाहरणं. पहिलंच उदाहरण जादूने गुप्तधन शोधून देण्याच्या कराराचं आहे. असा करार जन्मापासूनच निरर्थक, कारण ते कृत्यच मुळात अशक्य आहे. दुसरा प्रकार करार झाल्यानंतर अशक्य होण्याचा. परदेशी बंदरात माल चढवायचा करार केला आणि नंतर आपल्या सरकारने त्या देशाशी युद्ध पुकारलं, तर तो करार तेव्हापासून रद्दबातल.

कलमात शब्द 'इम्पॉसिबल' असा आहे. पण सत्यव्रत घोष विरुद्ध मुगनीराम बांगूर या, १९५४ च्या निवाडासंग्रहात आलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की इथे केवळ शब्दशः, भौतिक अशक्यता अभिप्रेत नाही. पक्षकारांच्या मनातल्या उद्देशाच्या दृष्टीने करारपालन 'इम्प्रॅक्टिकेबल' आणि निरुपयोगी झालं, तरी कलम लागू शकतं. त्याच खटल्यात प्रत्यक्षात करार टिकला, हेही लक्षात ठेवा. युद्धकाळात सरकारने करारातली जमीन ताब्यात घेतली होती, पण ती तात्पुरती होती आणि करारात कामाची ठाम मुदत नव्हती. नुसता खर्च वाढला म्हणून कराराचं पालन 'इम्प्रॅक्टिकेबल' झालं असा युक्तिवाद टिकत नाही.

'फ्रस्ट्रेशन' ही इंग्लंडच्या कायद्यातली संज्ञा. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाची मिरवणूक पाहण्यासाठी १९०२ मध्ये लंडनमधल्या खोल्या भाड्याने दिल्या गेल्या होत्या. राजा आजारी पडला आणि मिरवणूक लांबणीवर पडली. क्रेल विरुद्ध हेन्री या १९०३ च्या निकालात न्यायालयाने धरलं की खोली जागेवर आहे, वापरता येते, पण कराराचा पायाच गेला. उद्देश हरपला तो 'फ्रस्ट्रेशन'.

'इनफ्रक्चुअस' याहून वेगळा आहे आणि तो आपल्याकडच्या न्यायालयीन इंग्रजीचा खास शब्द आहे. निवडणूक थांबवा असा अर्ज केला आणि सुनावणीआधी निवडणूक होऊन गेली, तर अर्ज 'इनफ्रक्चुअस' ठरतो : निकाल काहीही लागला तरी फळ नाही. महालेखापरीक्षकांच्या अहवालांतही 'इनफ्रक्चुअस एक्स्पेंडिचर' येतं, तो निष्फळ खर्च. पण हा शब्द अमेरिकी किंवा ब्रिटिश वाचकाला पाठवू नका. अमेरिकेसाठी 'मूट' लिहा, ब्रिटनसाठी 'अकॅडेमिक'. ब्रिटनमध्ये 'मूट पॉइंट' म्हणजे अजून वादाचा मुद्दा आणि अमेरिकेत म्हणजे ज्यावर वाद घालण्यात आता अर्थ उरला नाही तो मुद्दा. एकाच शब्दाचे जवळजवळ उलटे अर्थ असल्याने परदेशी पत्रव्यवहारात तो आपणहून टाळलेला बरा.

प्रश्न : हवामानबदलाच्या अहवालाचं भाषांतर करतो आहे. 'अनलाइकली'ला कधी 'संभव नाही', कधी 'शक्यता कमी' लिहिलं. संपादकांनी एकच शब्द ठेवायला सांगितलं. कोणता ठेवू? (अनुवादक, पुणे)

उत्तर : 'शक्यता कमी' ठेवा. 'संभव नाही' हा 'इम्पॉसिबल'च्या फार जवळ जातो. आयपीसीसीच्या, म्हणजे हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या अहवालांत हे शब्द मोजून वापरलेले असतात आणि तिरप्या अक्षरांत छापलेले असतात. 'अनलाइकली' म्हणजे ० ते ३३ टक्के, 'व्हेरी अनलाइकली' ० ते १०, 'एक्स्ट्रीमली अनलाइकली' ० ते ५ आणि 'एक्सेप्शनली अनलाइकली' ० ते १ टक्का. तुमच्या भाषांतरात चार पायऱ्यांना चार ठरलेले मराठी शब्द हवेत : 'शक्यता कमी', 'शक्यता फार कमी', 'शक्यता अत्यंत कमी', 'शक्यता जवळपास नाही'. सुरुवातीला एकदा टक्क्यांसह तक्ता द्या आणि मग कुठेही शब्द बदलू नका. एरवी मराठी लेखनात तोच शब्द पुन्हा पुन्हा आला तर कानाला खटकतं. इथे मात्र तोच हवा, कारण शब्द बदलला की आकडा बदलतो.

ही मोजपट्टी सगळीकडे सारखी नाही. अमेरिकी गुप्तवार्ता संस्थांच्या नियमावलीत 'अनलाइकली' हा २० ते ४५ टक्क्यांसाठी आहे. म्हणजे ४० टक्क्यांची गोष्ट तिथे 'अनलाइकली' आणि हवामान अहवालात नाही. तेव्हा अहवाल कुणाचा हे आधी पाहा.

अशा मोजपट्टीची गरज का पडली, याचं चांगलं उदाहरण इतिहासात आहे. १९५१ च्या एका अमेरिकी अहवालात युगोस्लाव्हियावर हल्ल्याची 'सीरियस पॉसिबिलिटी' असल्याचं म्हटलं होतं. अहवाल करणाऱ्यांतले शर्मन केंट यांनी नंतर सहकाऱ्यांना विचारलं, तेव्हा त्याच शब्दांतून कुणाला २० टक्के शक्यता अभिप्रेत होती, तर कुणाला ८०. सर्वांनी एकत्र बसून मान्य केलेलं वाक्य होतं ते! केंट यांनी १९६४ मध्ये यावर निबंध लिहिला आणि शब्दांना आकडे जोडण्याचा आग्रह धरला.

व्याकरणाचंही सांगतो, कारण तुमच्या नमुना पानावर ते दिसलं. 'अनलाइकली' हे विशेषण आहे. 'द प्लॅन विल अनलाइकली वर्क' हे खटकतं. 'द प्लॅन इज अनलाइकली टू वर्क' लिहा. 'इम्प्रॉबेबल' मात्र अशा रचनेत बसत नाही, तिथे 'इट इज इम्प्रॉबेबल दॅट...' अशी सुरुवात लागते. आणि 'व्हेरी इम्पॉसिबल' कधीच नाही. अशक्यतेला पायऱ्या नसतात, फार तर 'व्हर्च्युअली इम्पॉसिबल', म्हणजे आपलं 'अशक्यप्राय'.

प्रश्न : 'मनोराज्य', 'हवेतले इमले', 'मृगजळ', 'आकाशपुष्प' यांना इंग्रजीत काय म्हणावं? कोशात सगळ्यांपुढे 'ड्रीम' किंवा 'इल्यूजन' आहे. (शिक्षिका, रत्नागिरी)

उत्तर : मुलांना शिकवताना एक प्रश्न विचारायला लावा : स्वप्न कोण पाहतं आणि कोण दाखवतं?

माणूस स्वतःच बसल्या बसल्या बेत रचतो तेव्हा 'कासल्स इन दि एअर'. हा आपल्या हवेतल्या इमल्यांशी थेट जुळतो. फ्रेंच लोक हेच किल्ले स्पेनमध्ये बांधतात. 'पाइप ड्रीम' एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत रुळला. यातला पाइप अफू ओढण्याचा. म्हणून त्यात नशेतल्या माणसाच्या खात्रीची छटा आहे, आणि एखाद्याच्या मनापासूनच्या बेताला तो म्हटला तर लागतो.

'पाय इन द स्काय' मात्र दुसऱ्याने दिलेलं आश्वासन. अमेरिकी कामगार चळवळीतल्या जो हिल यांच्या १९११ च्या गाण्यातून तो आला. आज उपाशी राहा, मेल्यावर स्वर्गात गोड खायला मिळेल, असं सांगणाऱ्या धर्मोपदेशकांवर ते गाणं होतं. निवडणुकीतल्या न झेपणाऱ्या घोषणांना हाच शब्द बरोबर बसतो. तुकोबांची 'बोलाचीच कढी बोलाचाच भात' ही ओळ त्याच्या सर्वांत जवळची, कारण दोन्हींत ताटातलं अन्न फक्त शब्दांचं आहे.

मृगजळ या रांगेत नको. ते दिसतं, म्हणून त्याच्यामागे माणूस धावतो; त्याला 'मिराज'. आणि आकाशपुष्प, शशशृंग, वंध्यापुत्र ही तर्कशास्त्रातली उदाहरणं, जे असूच शकत नाही त्याची. तिथे विशेषण 'कायमेरिकल' घ्या. ग्रीक पुराणातली कायमेरा हे सिंह, बोकड आणि साप यांचं मिश्रण होतं. एक सावधगिरी : जीवशास्त्रात 'कायमेरा' म्हणजे वेगवेगळ्या जनुकीय घडणीच्या पेशी एकत्र असलेला खराखुरा जीव. विज्ञानाच्या पुस्तकात तो दिसला तर 'अशक्य कल्पना' असं भाषांतर करू नका.

प्रश्न : 'तुघलकी निर्णय' याला 'क्विक्झॉटिक डिसिजन' म्हणता येईल का? (पत्रकार, मुंबई)

उत्तर : नाही. दोन्ही शब्द माणसांवरून आले असले तरी त्यांचा रोख वेगळा आहे. सर्व्हांटिसच्या १६०५ आणि १६१५ अशा दोन भागांत आलेल्या स्पॅनिश कादंबरीचा नायक डॉन किहोटे पवनचक्क्यांना राक्षस समजून भाल्याने भिडतो. हेतू उदात्त, वास्तवाचं भान नाही, आणि मार बहुधा स्वतःलाच बसतो. 'क्विक्झॉटिक'मध्ये त्या उदात्ततेबद्दलची माया आहे. ('टिल्टिंग ॲट विंडमिल्स' हा वाक्प्रचारही इथूनच. नायकाचं नाव किहोटे असं उच्चारतात, विशेषण मात्र क्विक्झॉटिक.) 'तुघलकी'त सत्ताधाऱ्याची लहर असते आणि भोगतात इतर.

मुहम्मद तुघलकाच्या दोन निर्णयांसाठीही एक शब्द पुरत नाही. १३२७ च्या सुमारास राजधानी दिल्लीहून देवगिरीला, म्हणजे दौलताबादला हलवली गेली. हजार किलोमीटरहून दूर माणसं न्यायची होती. ते 'इम्प्रॅक्टिकेबल' म्हणता येणार नाही, कारण ते केलं गेलं. 'हाय-हँडेड', म्हणजे इतरांची पर्वा न करता सत्तेच्या जोरावर केलेलं, म्हणता येईल. त्यानंतरच्या तांब्या-पितळेच्या नाण्यांचं वेगळं. चांदीच्या टंक्याच्या मोलाने हलक्या धातूचं नाणं चालवणं ही कल्पना मुळात वेडगळ नव्हती. चीनमध्ये त्याआधीच कागदी चलन चाललं होतं. पण नाणं सहज नक्कल करता येईल असं होतं, खोट्या नाण्यांचा पूर आला आणि शेवटी ती परत घेऊन खजिन्यातून चांदी द्यावी लागली. कल्पना बरी, बंदोबस्त अपुरा, यासाठी 'हाफ-बेक्ड' हा नेमका शब्द.

बातमीत 'तुघलकी'साठी 'कप्रिशियस अँड हाय-हँडेड' लिहा. भारतीय वाचकांसाठी 'तुघलकी' तसाच ठेवला तरी चालतं. नुसत्या अविचारी बेताला 'हेअर-ब्रेन्ड' म्हणा. त्यातला हेअर म्हणजे ससा, केस नव्हे, आणि स्पेलिंगही सशाचंच. आदर्श समाजाच्या न उतरणाऱ्या आराखड्याला 'यूटोपियन'. टॉमस मोरच्या १५१६ च्या ग्रंथातल्या बेटाचं ते नाव, ग्रीक अर्थ 'कुठेच नसलेली जागा'.

प्रश्न : 'जुगाड' आणि 'द्राविडी प्राणायाम' यांना इंग्रजी शब्द? (वर्कशॉप चालक, इचलकरंजी)

उत्तर : हे दोन एकमेकांच्या उलट आहेत. द्राविडी प्राणायामात सोपं काम अवघड मार्गाने होतं. त्याला अमेरिकेत 'रूब गोल्डबर्ग मशीन' म्हणतात, ब्रिटनमध्ये 'हीथ रॉबिन्सन कॉन्ट्रॅप्शन'. गोल्डबर्ग (१८८३-१९७०) आणि हीथ रॉबिन्सन (१८७२-१९४४) हे दोघेही व्यंगचित्रकार. दोऱ्या, कप्प्या, तरफा जोडून क्षुल्लक काम करणारी यंत्रं ते काढत. जुगाडात अवघड काम हाताशी आहे त्यातून सोपं होतं. त्याला 'मेकशिफ्ट' किंवा 'ज्युरी-रिग्ड'. वादळात डोलकाठी मोडली तर जहाजावर जी तात्पुरती उभारतात, ती 'ज्युरी मास्ट'. यात कौतुक असू शकतं. 'जेरी-बिल्ट' मात्र निकृष्ट, पैसे वाचवून केलेलं बांधकाम. ग्राहकाला पाठवलेल्या पत्रात या दोहोंची गल्लत झाली तर तुम्ही स्वतःच्या कामाला हलकं म्हटल्यासारखं होईल.

प्रश्न : गुंतवणूकदारांपुढे बोलताना 'लाँग शॉट', 'मूनशॉट', 'हेल मेरी' यांतला कोणता वापरावा? (नवउद्योजक, नाशिक)

उत्तर : स्वतःच्या योजनेसाठी फक्त 'मूनशॉट'. चांद्रमोहिमेची आठवण त्यात आहे, म्हणून अवघड असूनही पैसा, माणसं आणि योजना मागे उभी असल्याचा अर्थ निघतो. 'लाँग शॉट' म्हणजे लांबून डागलेला गोळा, लागण्याची शक्यता थोडी. पुढे तो शर्यतीच्या सट्ट्यात गेला. दुसऱ्याने तुमच्या योजनेला तो म्हटला तर दार बंद झालं असं समजू नका. दार बंद करणारा शब्द 'नॉन-स्टार्टर', म्हणजे नाव नोंदवूनही शर्यतीत न उतरलेला घोडा.

'हेल मेरी' म्हणजे वेळ संपत आल्यावरचा शेवटचा उपाय. २८ डिसेंबर १९७५ रोजी डॅलसच्या रॉजर स्टॉबॅकने मिनेसोटाविरुद्ध सामन्याच्या अखेरीस लांबवर चेंडू फेकला, तो झेलला गेला, आणि आपण डोळे मिटून 'हेल मेरी' ही ख्रिस्ती प्रार्थना म्हटली असं त्याने सांगितलं. अमेरिकी फुटबॉलमधला हा शब्द तिथून घरोघरी पोचला. पैसे मागताना तो वापरलात तर कंपनी बुडायला आली आहे असं ऐकणारा धरेल.

प्रश्न : परदेशी ग्राहकाची मागणी अव्यवहार्य आहे हे ईमेलमध्ये न दुखावता कसं लिहायचं? (सॉफ्टवेअर कंपनीतील कर्मचारी, पुणे)

उत्तर : विशेषण माणसाला किंवा त्याच्या कल्पनेला लावू नका, अटीला लावा. 'युअर आयडिया इज इम्प्रॅक्टिकल' ऐवजी 'द सिक्स-वीक टाइमलाइन इज नॉट वर्केबल विथ द करंट टीम' लिहा. यात तीन गोष्टी आल्या : नेमकं काय अडतंय, कशामुळे, आणि काय बदललं तर चालेल याची वाट. लगेच पुढच्या वाक्यात पर्याय द्या : 'वी कॅन डिलिव्हर द पेमेंट मॉड्यूल इन सिक्स वीक्स अँड द रेस्ट इन टेन'. आपल्याकडून हमखास होणारी चूक म्हणजे 'वी विल ट्राय'. मराठीत 'बघतो' म्हटलं की नकार समजला जातो. परदेशी ग्राहक त्याला होकार धरून तारीख लिहून ठेवतो. उलट बाजूनेही जपा. ब्रिटिश ग्राहकाने तुमच्या प्रस्तावाला 'क्वाइट अँबिशस' म्हटलं तर ते बहुधा कौतुक नसतं. हे जमेल असं त्याला वाटत नाही. तेव्हा आभार मानून थांबू नका, कोणता भाग अवघड वाटतो ते विचारा.

प्रश्न : पेटंटच्या कागदांत 'नॉट वर्क्ड इन इंडिया' असं वाचलं. यंत्र बिघडलेलं आहे का? (लघुउद्योजक, कोल्हापूर)

उत्तर : यंत्र उत्तम असेल. पेटंट कायद्यात 'वर्किंग' म्हणजे शोधाचा भारतात व्यापारी वापर होणं. तो झाला की नाही, याचं विवरण पेटंटधारकाला नमुना २७ मध्ये द्यावं लागतं. वापर न होणं हे सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीशिवाय दुसऱ्याला शोध वापरण्याची मुभा, देण्याचं एक कारण ठरू शकतं. बायरच्या कर्करोगावरच्या औषधासाठी २०१२ मध्ये नॅटकोला असा देशातला पहिला परवाना मिळाला, तेव्हाच्या कारणांत हेही होतं. मुळातच न चालणाऱ्या यंत्राची अडचण वेगळ्या कलमात येते. १९७० च्या कायद्याचं कलम ३(अ) निसर्गनियमांना उघड विरोध करणाऱ्या दाव्याला शोधच मानत नाही. इंधनाशिवाय सदैव फिरणारं यंत्र तिथेच अडतं. अशा यंत्राला इंग्रजीत 'इनऑपरेटिव्ह' म्हणतात.

प्रश्न : मग 'इनऑपरेबल' कधी? (त्याच वाचकाचा जोडप्रश्न)

उत्तर : यंत्र, दरवाजा, लिफ्ट चालवता येत नसेल तर चालतो. पण रुग्णालयाच्या कागदावर 'इनऑपरेबल' म्हणजे शस्त्रक्रियेने काढता न येणारी गाठ. उपचार नाहीत असा त्याचा अर्थ नाही; औषधं आणि किरणोपचार असू शकतात. नातेवाइकांसाठी भाषांतर करताना 'शस्त्रक्रिया करता येणार नाही' एवढंच लिहा, 'उपाय नाही' लिहू नका.